ऑर्गनबाईंची बढती

त्या चर्चची मंडळी वाढता वाढता इतकी वाढली, की कमिटीला ती स्वतःचीच पुण्याई वाटू लागली. खरं कारण चर्चमागचं पटांगण होतं. तिथे गाड्या लावायची सोय झाली होती आणि पलीकडच्या चर्चमध्ये ती नव्हती. पण देवाची कृपा कुठल्या फाटकातून आत येते, हे विचारणं बरं दिसत नाही. म्हणून कुणी विचारलं नाही.

मंडळी वाढली म्हटल्यावर ती टिकवायला हवी. कमिटीचे अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी. गिऱ्हाईक एकदा सोफ्यात रुतून बसलं की रिकाम्या हाताने जात नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. ते म्हणाले, "माणसाला नुसतं बसवू नका, पदावर बसवा. मग तो हलत नाही."

झालं. दिसेल त्याला पद मिळालं. स्वागत विभाग झाला, वाहन विभाग झाला, चहा विभाग झाला. मुलांना मागच्या खोलीत सांभाळायला बालविभाग झाला आणि त्यात सगळ्या आया गेल्या. गाणाऱ्या मंडळींना प्रकाश विभागात घेतलं, कारण त्यांना ओळीत उभं राहायची सवय होती. उरलेल्यांचा समन्वय विभाग झाला. त्याचं काम काय, हे ठरवायला उपसमिती नेमली आणि मग खरोखरच कुणी उरलं नाही.

या खिरापतीत काम गेलं ते एकाच माणसाचं. ऑर्गनबाईंचं.

ऑर्गनबाई लग्न होऊन या मंडळीत आल्या तेव्हापासून ऑर्गन वाजवत होत्या. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन, दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा. पण बाईंच्या पायाखाली तो शहाण्यासारखा वागे. पुढे नवरा गेला, लेक लग्न होऊन दूर गेली, आणि घरात बाईंना विचारणारं कुणी राहिलं नाही, कारण घरात कुणीच राहिलं नाही. राहिलं ते ऑर्गनपुढचं स्टूल. आठवडाभर बाई रविवारची वाट पाहत त्या स्टुलासाठी.

"बाई, अभिनंदन! तुम्हाला बढती आहे," कमिटीच्या खोलीत बोलावून अध्यक्ष म्हणाले.

"मला? कसली?"

"तुम्ही आता संगीत सल्लागार."

"बरं. मग वाजवायचं काय?"

"वाजवायचं काही नाही. सल्ला द्यायचा."

"कुणाला?"

"जो विचारेल त्याला."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"मग तर काम आणखीच हलकं!"

शेजारी बसलेले चर्चचे पाळकसाहेब आढ्याकडे पाहत होते. अडचणीच्या वेळी ते नेहमी वर पाहत आणि लोकांना वाटे, प्रार्थना चाललीय. त्यामुळे त्यांच्यावर कसलाच ठपका येत नसे.

"आणि गाण्यांना साथ?" बाईंनी विचारलं.

"मशीन आणलंय! बटण दाबलं की गाणं. ध्वनी विभाग आहे ना बटण दाबायला. चार माणसं घेतलीत."

बाई "बरं" म्हणाल्या आणि घरी आल्या. घरी येऊन त्यांनी टेबलावर बोटं आपटत अख्खं गीत वाजवलं. टेबल बेसूर होतं.

पुढचा रविवार नव्या व्यवस्थेचा पहिला रविवार. दारात बाईंची नणंद छातीला बिल्ला लावून उभी.

"या, या! आपलं मनःपूर्वक स्वागत आहे!"

"वन्सं, अहो मी आहे."

"दिसतंय मला, आंधळी नाही. पण सगळ्यांना म्हणायचं ठरलंय. हसून."

"मग हसा की."

"हे हसणंच आहे, वहिनी. आत जा बघू, मागे गर्दी होते."

बाईंनी मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्या आत गेल्या तर आतही कुणी नव्हतं. त्या मधल्या एका बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. ऑर्गनवर ध्वनी विभागाने वायरींचं भेंडोळं ठेवलं होतं आणि स्टुलावर कुणाचं तरी हेल्मेट होतं. बाईंनी मान फिरवली.

वेळ झाली. मशीनने गाणं म्हटलं. ते एकट्यानेच म्हटलं, कारण साथ द्यायला कुणी नव्हतं. स्वागत विभाग दारात येणाऱ्यांची वाट पाहत होता, वाहन विभाग पटांगणात एकमेकांच्या गाड्या सरळ करून घेत होता, चहा विभाग चहा उकळत होता. अध्यक्ष आणि समन्वय विभाग मागच्या भिंतीशी उभे राहून समन्वय करत होते. सगळी मंडळी हजर होती. फक्त बाकांवर नव्हती.

पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. "माझ्या प्रिय बंधूंनो," त्यांनी सुरुवात केली आणि समोर पाहिलं. मग ते बाईंकडे वळून बोलू लागले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पाळकसाहेबांना उपदेश सुरू करता येई, थांबवता येत नसे. इतकी वर्षं तो थांबवत होत्या ऑर्गनबाई. त्यांची पाठ उपदेशाकडे असे आणि उपदेशातला एकच शब्द त्या ऐकत. पाळकसाहेब "शेवटी" म्हणाले, की बाईंचा पाय भात्यावर पडे, सूर निघे, लोक उभे राहत आणि पाळकसाहेबांना थांबावंच लागे. ही व्यवस्था कुणी ठरवली नव्हती, कुठल्या ठरावात नव्हती. म्हणून कमिटीला ती माहीतही नव्हती.

"आणि शेवटी," पाळकसाहेब म्हणाले.

बाईंचा पाय आपोआप खाली दाबला गेला. पायाखाली फरशी होती. काही वाजलं नाही.

पाळकसाहेब थबकले. मग पुढे बोलत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तर शेवटी..." ध्वनी विभागाने एकमेकांकडे पाहिलं. पहिलं गाणं घड्याळ पाहून लावलं होतं, पण उपदेशानंतर खूण मिळाल्याशिवाय बटण दाबायचं नाही अशी त्यांना ताकीद होती आणि खूण करण्याचं पद अजून भरायचं होतं. पाळकसाहेब सांगितलेलंच पुन्हा सांगू लागले. घसा बसला. कपाळाला घाम आला. चहा उकळून उकळून काढा झाल्याचा वास आला. "शेवटी, अगदी शेवटी..." म्हणत त्यांनी आढ्याकडे पाहिलं. तिथूनही मदत आली नाही. तेव्हा त्यांनी खाली, बाईंकडे पाहिलं.

बाई पर्सवर हात ठेवून शांत बसल्या होत्या. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नव्हता.

"बाई," पाळकसाहेब व्यासपीठावरूनच म्हणाले, "काय करू हो?"

"मी वाजवते. पण सल्लागाराला वाजवता येत नाही, साहेब. मला आधी पदावरून काढा."

"काढलं! अध्यक्ष, बाईंना काढलं ना?"

अध्यक्ष भिंतीपासून दोन पावलं पुढे आले. "तसं नाही काढता येत. बैठक बोलवावी लागेल, ठराव मांडावा लागेल, मग बहुमत..."

"हरकत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "तोवर मी बोलत राहतो."

"काढलं, काढलं!" अध्यक्ष ओरडत ऑर्गनपर्यंत आले. "कायमचं काढलं! बाई, बसा तुमच्या जागेवर!"

बाई उठल्या. हेल्मेट अध्यक्षांच्या हातात दिलं, भेंडोळं ध्वनी विभागाच्या गळ्यात घातलं. रुमालाने स्टूल पुसलं, नुसतं पुसलं नाही, चारही कोपरे नीट पुसले, आणि बसल्या. पाय भात्यावर पडला. ऑर्गनने धाप टाकली आणि सूर धरला.

तो सूर पटांगणात गेला, चहापर्यंत गेला, मागच्या खोलीत गेला. सवयीची माणसं ती. ऑर्गन ऐकला की आत येऊन उभं राहायचं, एवढं त्यांना ठाऊक. विभागच्या विभाग आत घुसले. बाकं भरली. नणंदबाई धापा टाकत पुढे आल्या. बिल्ला उलटा झाला होता आणि चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेल्यामुळे त्या चांगल्या दिसत होत्या.

"वहिनी, संपलं का?"

"माझं आत्ता कुठे सुरू झालंय, वन्सं. उभ्या राहा आणि गा."

व्यासपीठावरून पाळकसाहेबांनी भरलेली बाकं पाहिली. इतकी माणसं समोर पाहून त्यांना एकदम तरतरी आली. घसाही मोकळा झाल्यासारखा वाटला. त्यांनी दोन्ही हात उंचावले आणि तोंड उघडलं.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी दुसराही पाय भात्यावर ठेवला.