तिसरं ताट

आमच्या आईने सोमवारी कंबरेचं हाड मोडून घेतलं आणि मंगळवारपासून आमच्या डोक्यावर मिरे वाटायला घेतले. ऑपरेशन करायलाच हवं, नाहीतर जन्मभर अंथरुणात, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईनेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं, "माझी दोन्ही पोरं एका टेबलावर जेवायला बसली की सही करते. तोवर तो कागद माझ्यासमोर नाचवायचा नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"फोटो काढून आणला तर चालेल?" मी विचारलं.

"फोटोत काय, सगळेच गोड दिसतात," आई म्हणाली. "मीच फोन करीन. दोघांनी एकाच फोनवर बोलायचं."

जेवणाच्या बाबतीत ती पहिल्यापासून अशीच. ताटात काही टाकायचं नाही, जेवताना भांडायचं नाही, सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. नियम मोडला की उलथन्याचा दांडा बोटांवर बसायचा. आता उलथनं नव्हतं, म्हणून तिने स्वतःचं हाड पुढे केलं होतं. चार दिवस आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं, नर्सने समजावलं, शेवटी डॉक्टरही वैतागले. उद्या सकाळची वेळ आईसाठी ठेवली आहे, आज दुपारच्या फेरीत सही झाली नाही तर ती दुसऱ्या पेशंटला देणार, मग पुढच्या आठवड्याचं पुढच्या आठवड्यात, असं त्यांनी मला बजावलं.

माझे दोन भाऊ, मोठा दादा आणि धाकटा बारक्या, चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही सोफे-खुर्च्यांना कापड चढवतात. आधी एकच दुकान होतं. एकदा बारक्याने शिवलेली सोफ्याची गादी दादाने गिऱ्हाइकासमोर ब्लेडने उसवली आणि "हे काम आमच्याकडचं नाही" असं म्हणाला. बारक्या त्याच दिवशी कात्री आणि हातोडी घेऊन बाहेर पडला आणि रस्त्याच्या पलीकडे त्याने स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघं दिवसभर समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या पाट्या वाचतात. माझ्या घरी दोघंही येतात, पण दारात दुसऱ्याची चप्पल दिसली की जिन्यावरूनच परत फिरतात.

म्हणून मी त्यांना हॉस्पिटलसमोरच्या बाजारसंकुलातल्या फूड कोर्टमध्ये बोलावलं. तिथे चपला काढायच्या नसतात.

मी एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करते. आठवडाभर "आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व" म्हणत बसते. सुट्टीच्या दिवशी तरी माझी गैरसोय कोणी करू नये एवढीच माझी अपेक्षा असते. पण आमच्या घराण्यात जन्माला आल्यावर अपेक्षा कसली ठेवायची!

दादा आधी आला आणि खांबाजवळचं टेबल धरून बसला. बारक्या आला, त्याने दादाला पाहिलं आणि थेट दुसऱ्या टोकाला, हात धुवायच्या जागेजवळ जाऊन बसला. मधे वीसेक टेबलं, लहान मुलांच्या ढकलगाड्या, ट्रे घेऊन जागा शोधणारी माणसं. आणि मी.

"दादा, ऊठ. त्याच्या टेबलावर चल."

"मी मोठा आहे. त्याला यायला काय झालं?"

मी बारक्याकडे गेले. "तो मोठा आहे. तू चल."

"मोठा आहे म्हणूनच त्याने यायचं."

मी परत खांबाकडे. असे चार हेलपाटे झाले. माझे पाय बोलायला लागले. या सगळ्यात दोघांनीही जेवण मात्र मागवलं होतं. तिथे भारतीय जेवणाचा एकच गाळा होता. दादा जाऊन आल्यावर बारक्या गेला, बारक्या परत येईपर्यंत दादाने मान वर केली नाही. दोघांनीही साधी थाळीच घेतली. पैसे भरले की तिथे एक गोल डबी हातात देतात, जेवण तयार झालं की ती थरथरते. दादाने डबी टेबलावर बरोबर मधोमध ठेवली होती आणि तिच्याकडे असा बघत होता, जणू तीच त्याची एकुलती एक नातेवाईक.

बारक्याने मला जवळ ओढलं. "ताई, एक काम करू. फोन आला की मी दोन मिनिटं त्याच्या टेबलावर येतो. हॅलो म्हणतो आणि उठतो. आईला काय कळतंय?"

खरं सांगते, क्षणभर मला मोह झाला. पण आईला न कळलेली गोष्ट माझ्या आठवणीत एकही नाही. ती विचारणार भाजी कुठली होती, डाळीत मीठ कसं होतं, दादाने भात दुसऱ्यांदा घेतला का. आणि खोटं पकडलं की ती कागद फाडून उशीखाली ठेवणार.

"गुपचूप बस," मी म्हणाले.

आधी दादाची डबी थरथरली, मग बारक्याची. दोघांनी आपापली ताटं आणली. डाळ, भात, पोळ्या, बटाट्याची भाजी. वाफ निघत होती. मला वाटलं, निदान जेवतील तरी, पोटात पडलं की डोकी थंड होतील. पण दोघं हात बांधून बसून राहिले. दादा ताटाकडे बघतोय, बारक्या पाण्याच्या नळाकडे.

आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. अन्नावर राग! मी दादासमोर जाऊन उभी राहिले.

"जेव ना! रुसून कोणाला दाखवतोयस? तुझी शुगरची गोळी घेऊन झालीये ना?"

"घेतली. थांब जरा."

"कशाला थांब? गार होतंय."

"होऊ दे."

मी तरातरा बारक्याकडे गेले. "आणि तुझं काय? तुलाही आमंत्रणपत्रिका हवी का?"

बारक्याने वैतागून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुझं ताट कुठाय?"

मी मागे वळून पाहिलं. दादा तिकडून माझ्या हातांकडे बघत होता. रिकाम्या हातांकडे.

माझं ताट नव्हतं. या दोघांच्या मागे पळण्यात मी काही मागवलंच नव्हतं. आणि चार वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे माझे दोन शहाणे भाऊ, वीस टेबलांच्या अंतरावर, आईच्या उलथन्याला घाबरून बसले होते. सगळ्यांची ताटं वाढून झाली नव्हती ना! मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. एवढं पाळता येतं, मग उरलेलं पाळायला काय धाड भरली होती यांना?

मी गाळ्यावर गेले आणि थाळी सांगितली. काउंटरवरची बाई म्हणाली, "पोळ्या संपल्यात, नवीन टाकतोय. वेळ लागेल." लागू दे म्हटलं. डबी घेतली आणि हॉलच्या बरोब्बर मधल्या टेबलाशी जाऊन बसले. समोर रेक्झिनचा एक लांब बाक होता.

"हे माझं टेबल!" मी मोठ्याने सांगितलं. आजूबाजूचे लोक वळले. वळू देत. "माझं ताट इथे येणार. ज्याला माझ्याबरोबर जेवायचं आहे त्याने इथे यायचं. नाहीतर बसा उपाशी, मीही बसते, आणि आईला बसू दे जन्मभर त्या खाटेवर!"

मी डबीकडे बघत राहिले. मग उजवीकडून एक ट्रे आला आणि डावीकडून एक. कोण आधी उठलं ते मी मुद्दामच पाहिलं नाही. दोघं समोरच्या बाकाच्या दोन टोकांना बसले, माझ्याकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

तो बाक मधे खचलेला होता. दोघांचं वजन पडताच तो बसला आणि दोघं हळूहळू मधे घसरायला लागले. दादाने टेबल धरलं. बारक्याने टेबल धरलं. खांद्याला खांदा लागलाच.

दादाचा हात सवयीने सीटखाली गेला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"खालचा पट्टा तुटलाय," तो म्हणाला. मला.

"तुटला नाही," बारक्यानेही मलाच सांगितलं. "नीट ताणलाच नव्हता. वरून नुसता स्पंज कोंबलाय."

"स्पंज कसला, चिंध्या आहेत."

"आणि पिना बघ. एक इथे, एक तिथे."

"लोकांकडून पैसे घेतात आणि हे असं काम करतात!"

आता ते मला सांगत नव्हते. दोघं बाकावरून उठले, खाली वाकले, एकाने कोपरा उचलला आणि दुसऱ्याने आत हात घातला. बारक्याने फाटलेल्या कडेवरची शिवण बोटाने ओढली, दोरा सरळ हातात आला. दादा त्या दोऱ्याकडे बघत राहिला.

"असे टाके तुझे कधीच नव्हते," तो म्हणाला.

बारक्याने दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "मग उसवलं कशाला?"

"एक शिवण वाकडी होती."

"मला आत बोलावून सांगायचं."

दादाने बाक खाली ठेवला. "हो," तो म्हणाला. "आत बोलावून सांगायला हवं होतं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. दोघंही परत बाकावर बसले, मधे घसरले, आणि या वेळी कोणी टेबल धरलं नाही. मी फोन मधे ठेवला आणि आवाज मोठा केला.

"डॉक्टर आलेत," आई म्हणाली. "समोर पेन घेऊन उभे आहेत. जेवलात का?"

मी डोळे मिटले. आता संपलं.

"नाही," दादा म्हणाला.

"नाही," बारक्या म्हणाला.

"एवढा वेळ झाला तरी? का?"

"ठमीचं ताट यायचंय," दादा म्हणाला. लहानपणापासून तो मला ठमीच म्हणतो.

"आमची कधीच आलीत," बारक्या म्हणाला. "पार गार झालीत."

तिकडून डॉक्टर काहीतरी म्हणाले ते ऐकू आलं, आणि आईने त्यांना गप्प केलं तेही. मग तिने नाक ओढलं. आमची आई हाड मोडल्यावरही रडली नव्हती.

"बसलेले राहा," ती म्हणाली. "तिचं आल्याशिवाय हात लावाल तर याद राखा. अहो डॉक्टर, आणा तो कागद इकडे."

फोन बंद झाला. माझी डबी अजून थरथरली नव्हती.