डावीकडची साद

करवतीच्या यंत्राची दोरी मी ओढणार, तेवढ्यात लिनाय आली आणि सरळ माझ्या डाव्या हाताला ओंडक्यावर जाऊन बसली. माझी धाकटी बहीण, पण मान खाली घालणं तिला जन्मात जमलं नाही. मुकादम रेनांतेने कपाळाला हात लावला.

आमच्या डोक्यावर, त्या लाउआनच्या उंच झाडाच्या बेचक्यात, गरुडाचं घरटं होतं. आत एकच पिल्लू, पंख अजून अर्धेमुर्धे. गरुडीण दोन वर्षांत एकदाच अंडं घालते आणि आमच्या अख्ख्या डोंगरात ती एकच जोडी. शहरातल्या संस्थेने लिनायला त्यांच्यावर नजर ठेवायला नेमलं होतं. नेमलं नसतं तरी तिने ठेवलीच असती. नवरा गेल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. झाड पाडायचा बेत कळताच तिने खाली निरोप धाडला. सरकारी माणसं निघालीही होती, पण वाटेत दरड कोसळलेली, उद्याशिवाय काही पोचत नव्हती. रेनांतेला हे ठाऊक होतं, म्हणून आजची घाई. एवढं झाड त्याला स्वतःला पाडता येत नव्हतं. ते काम आम्हा डोंगरातल्या मनोबो लोकांचं.

आता मी का पाडत होतो, तेही ऐका. कंत्राटदाराने गावाला रस्ता कबूल केला होता. गेल्या पावसात माझी सून बाळंतपणासाठी खाली नेताना डोलीतच गेली. गरुडाचं पिल्लू गोंडस असेल हो, पण माझा नातू आईवाचून वाढतोय त्याचं काय? हे मी लिनायला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, रस्ता हवाच, पण तो नेमका या झाडावरूनच का जातो ते विचार. लाकूड विकायचंय म्हणून जातो. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

रेनांते खालच्या मुलखातला, पण तोंडाचा गोड. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "मनांग, उठा तिथून. झाड कुणीकडे पडेल सांगता येत नाही."

लिनाय उठली नाही. तिने दोन्ही तळवे जोडून पोकळ केले, अंगठ्यांच्या फटीला ओठ लावले आणि लिमोकोनची साद घातली.

लिमोकोन म्हणजे आमच्या रानातला पारवा. तो डावीकडून बोलला की निघालेला माणूस परततो, हातातलं काम त्या दिवसापुरतं टाकतो. का, असं कुणी विचारत नाही. लहानपणी आम्ही त्याची नक्कल केली की बाप चामडी लोळवायचा. आणि ही बया दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, त्याचा आवाज काढत होती.

माझ्या साथीदारांचे चेहरे उतरले. कुणी हसलं नाही. रेनांते चिडला. "अरे, तिनेच काढला ना आवाज? मी बघितलं, तुम्हीही बघितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. असा संताप आला होता की तिला उचलून दरीत टाकावं. तिलाही भीती वाटत होती, तरी नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी यंत्र खाली ठेवलं.

"डावीकडून आला," मी म्हणालो. "आज काम नाही."

"पण ही बाई..."

"कुणाच्या गळ्यातून आला ते आम्ही बघत नाही, मुकादम."

हा नियम मी त्या क्षणी बनवला. आधी कुणी केला नव्हता, कारण असला आगाऊपणाच कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं चिखलाने बरबटून पोचली. झाड वाचलं. कंत्राटदार गेला, त्याच्याबरोबर रस्ताही गेला, आणि गावाने लिनायला जे ऐकवलं ते सांगण्यासारखं नाही.

दातु मालिबातो आमचे म्हातारे पुढारी. त्यांनी बैठक बोलावून निवाडा दिला की, जिने लिमोकोनचा आवाज चोरला तिला लिमोकोन पुन्हा सावध करणार नाही. तेव्हा तिच्याबरोबर कुणी वाट चालायची नाही. आमच्याकडे बाई एकटी वाट चालत नाही. याहून मोठी शिक्षा त्यांच्यापाशी नव्हती. माफी मागितलीस तर बघू, असंही म्हणाले.

"चुकले असते तर मागितली असती," लिनाय म्हणाली. "वाट मला पाठ आहे."

तेव्हापासून ती एकटीच. पिल्लू उडालं तेव्हा बघायलाही तिच्यासोबत कुणी नव्हतं. मला तिने ते कुंपणाबाहेरून ओरडून सांगितलं.

पुढच्या सुगीत आम्ही अबाकाच्या वाखाचे भारे डोक्यावर घेऊन रांगेने बाजाराला उतरत होतो, लिनाय बरीच मागे. नदीपाशी डावीकडून लिमोकोन बोलला, खराखुरा. रांग थांबली. भारे खाली आले. घरोघरी मीठ संपलं होतं, पण इलाज नव्हता.

लिनाय आमच्यातून वाट काढत पुढे आली. दातुंच्याच निवाड्याने ही साद तिच्यासाठी नव्हती. दातु खाकरले. इकडे तिकडे बघत म्हणाले, "तू जातेच आहेस, तर माझी तंबाखू घेऊन ये."

ती थांबली. भारा सावरून तिने म्हाताऱ्याकडे नीट बघितलं.

"तंबाखू हवी तर माझ्याबरोबर चला, दातु."

एवढं बोलून ती पाण्यात शिरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं, तरी तिने वळून बघितलं नाही. दातु खाली बघत राहिले. पलीकडच्या वळणावर ती दिसेनाशी झाली, तरी आम्ही सगळे भाऱ्यांपाशी तसेच उभे होतो. परत फिरायला हवं होतं, पण घराकडे पहिलं पाऊल कुणीच टाकत नव्हतं.