तीस सेकंदांचा थांबा

आमच्या उपनगरात रोज सकाळी सात बाराला कपाटातल्या कपबशा किणकिणतात. ती जलद गाडी. ती आमच्या स्टेशनातून जाते, पण थांबत नाही. श्रीमंत नातेवाईक रस्त्यात दिसूनही ओळख न दाखवता पुढे जातो, तशी जाते. तिला शहर गाठायला सव्वीस मिनिटं लागतात. आमच्याकडे थांबणारी संथ गाडी वाटेतल्या चौदा स्टेशनांची ख्यालीखुशाली विचारत सव्वा तासाने पोचते. मोटारीने किती वेळ लागतो हे कुणालाच नक्की माहीत नाही, कारण पुलाच्या अलीकडे अडकून आलेला माणूस त्या विषयावर बोलायच्या मनःस्थितीत नसतो.

आम्ही इथे आलो ते शांततेसाठी. प्रत्येक घरापुढे हिरवळ, हिरवळीशेजारी दोन मोटारी, आणि दूध आणायचं झालं तरी त्यांतली एक बाहेर काढायची. शहराविषयी माझी मतं ठाम आहेत आणि ती मी दर रविवारी एका वर्तमानपत्रात मांडतो. चार वर्षांत मी शहरात पाऊल टाकलेलं नाही. "तुझं वाचणारे सगळे तिथेच राहतात," असं बायको म्हणते. ती फार्मासिस्ट आहे. गरजेपेक्षा एक थेंब जास्त न देण्याची तिला सवय आहे.

तर या बायकोला शहरातल्या मोठ्या इस्पितळात औषध विभागाच्या प्रमुखाची जागा मिळाली. एक तारखेपासून सकाळी आठला हजर. संथ गाडीची पहिली फेरी पोचते सव्वाआठला. म्हणून तिने इस्पितळाजवळ एक खोली बघून ठेवली, सायकलच्या दुकानावर. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार इकडे.

"पुढच्या गुरुवारी दहापर्यंत कळवते असं सांगितलंय घरमालकीणबाईंना," टोस्टला लोणी लावत ती म्हणाली.

"उत्तम कल्पना आहे," मी म्हटलं. बावीस वर्षांच्या संसारात इतकं धडधडीत खोटं मी क्वचितच बोललो असेन.

जलद गाडीला थांबा मिळावा ही कॉलनीची मागणी दोन वर्षं रेल्वेकडे पडून होती. कॉलनीच्या समितीचा चिटणीस मीच. मी तिचा जो पाठपुरावा केला होता त्याला सभ्य भाषेत आळस म्हणतात. त्या दिवशी मात्र मी रेल्वेच्या कचेरीत चार फोन केले. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी, बहुधा मी गप्प बसावं म्हणून, त्यांनी वेळापत्रक बनवणाऱ्या बाईंना पाठवलं.

बाई आल्या त्या एक छोटी वही आणि गळ्यात स्टॉपवॉच घेऊन. कॉलनीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं जमली होती. बाईंनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली. "थांबा दिला तर गाडी हळू करायला आणि पुन्हा वेग घ्यायला दोन मिनिटं जातात. ती मी कुठून तरी काढली. थांबायला उरले तीस सेकंद. एकतिसावा सेकंद लागला, की पुढच्या जंक्शनवर मालगाडी आधी सुटते आणि जलद गाडी अकरा मिनिटं उशिरा पोचते."

"एका सेकंदासाठी अकरा मिनिटं?" आमच्या समोरच्या घरातले डेंटिस्ट म्हणाले.

"मालगाडी लांब असते," बाई म्हणाल्या.

अट अशी ठरली: मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवशी सकाळी गाडी थांबवून पाहायची. रोज किमान शंभर माणसं चढली पाहिजेत. चाकं थांबल्यापासून दारं मिटेपर्यंतचा वेळ, तिन्ही दिवसांचा मिळून, नव्वद सेकंदांच्या आत.

बाई गेल्या आणि कॉलनीत असं काही वारं शिरलं, की एरवी कुंपणावरून मान डोलावण्यापलीकडे न जाणारी माणसं एकमेकांच्या घरी जाऊ लागली. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या सरांनी सूत्रं हातात घेतली. सात वर्षं त्यांच्या शिट्टीला काम नव्हतं. हॉलमागच्या पार्किंगमध्ये त्यांनी खडूने सोळा दारं काढली आणि रोज संध्याकाळी शंभर सुशिक्षित प्रौढ माणसं त्या खडूच्या दारांत शिरू लागली. शनिवारी एकवीस सेकंद. रविवारी एकोणीस. सोमवारी सतरा, आणि दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना चक्क मिठी मारली.

मंगळवारी सात बाराला गाडी आली, थांबली, आणि शंभर माणसं शिस्तीत डब्यांच्या भिंतींसमोर उभी राहिली.

चूक साधीच होती. पार्किंगमध्ये सरांनी दर चार मोटारींच्या जागेला एक दार धरलं होतं, आणि तेच अंतर मोजून प्लॅटफॉर्मवर खुणा केल्या होत्या. आमच्या इथे कुठलंही माप मोटारींतच होतं. रेल्वेने डबे बांधताना हा विचार केलेला दिसत नव्हता. मग पळापळ झाली, आणि दार सापडल्यावर नमनालाच घडाभर तेल.

"या, आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही मोठे."

"अहो, मला घाई नाही." हे डेंटिस्ट.

चव्वेचाळीस सेकंद. बाईंनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

त्या संध्याकाळी सर टेप घेऊन स्टेशनात गेले आणि संथ गाडी उभी असताना तिची दारं मोजून आले. "डबे दोन्ही गाड्यांना सारखेच आहेत, मी गार्डला विचारलं," ते म्हणाले. "आणि उद्या प्लॅटफॉर्मवर कुणी तोंड उघडायचं नाही. ज्याला सभ्यपणा दाखवायचा आहे त्याने आत जाऊन दाखवावा."

बुधवारी अठ्ठावीस. एकूण बहात्तर. उरले अठरा.

"अठरात होईल?" रात्री जेवताना मी विचारलं.

"तुला काय फरक पडतो?" बायको म्हणाली. "उत्तम कल्पना आहे, म्हणालास ना."

मी पाणी प्यायलो. तिने माझा पेला पुन्हा भरला.

गुरुवारी ती मुद्दाम त्याच गाडीने जाणार होती. नऊला इस्पितळात नव्या कामाची माहिती करून घ्यायची होती आणि त्याआधी घरमालकीणबाईंना कळवायचं होतं, हो किंवा नाही. ती दहाव्या दारासमोर उभी राहिली. मी चिटणीस, म्हणून दुसरं स्टॉपवॉच घेऊन बाईंशेजारी साक्षीदार. सरांनी डोकी मोजली. नव्व्याण्णव. पुन्हा मोजली. तरी नव्व्याण्णव.

"डेंटिस्ट कुठे आहेत?"

"पार्किंग शोधतायत," सहाव्या दारावरून कुणीतरी सांगितलं.

डेंटिस्टांचं घर स्टेशनपासून चारशे पावलांवर आहे. पण आज महत्त्वाचा दिवस, म्हणून सगळेच मोटारीने आले होते, आणि स्टेशनबाहेर जागा होती साठ मोटारींना. कठड्यापलीकडून त्यांची निळी मोटार तिसऱ्यांदा फेरी मारताना मला दिसली. डेंटिस्टांनी काच खाली करून हात हलवला. तेवढ्यात रूळ वाजू लागले.

गाडी थांबली. मी कळ दाबली. दारं उघडायला तीन सेकंद. मग सोळाही दारांतून माणसं अशी आत गेली, जसं भांडं कलंडल्यावर पाणी जातं. कुणी बोललं नाही. कुणी मागे पाहिलं नाही. आठव्या सेकंदाला प्लॅटफॉर्म रिकामा. बाईंच्या हातातल्या मोजणीच्या यंत्रावर नव्व्याण्णव. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कसला इशारा नाही, सूचना नाही. माणूस घड्याळाकडे बघतो तसं पाहिलं.

कठड्यापलीकडे निळी मोटार उलटी वळत होती. अकरा सेकंद.

मला धावताना पाहिलेला माणूस या कॉलनीत नाही. समोरचं दार सहा पावलांवर होतं आणि ती सहा पावलं मी कशी टाकली ते मला आठवत नाही. माझ्या पाठीमागे दार मिटलं, माझ्या कोटाचं टोक त्यात अडकलं, पुन्हा सुटलं. गाडी हलली. काचेपलीकडे बाई शेजारून चालू लागल्या, मग जरा भराभर, आणि त्यांनी स्टॉपवॉच काचेला लावलं. मला सतराचा आकडा दिसला. की एकोणीस? माझं घड्याळ बघावं म्हटलं, तर ते बंद करायचं राहिलं होतं. ते आनंदाने चाळीसच्या पुढे चाललं होतं.

डब्यात सगळे मला विचारू लागले. किती? झालं का? अहो, सांगा ना. मी म्हटलं, "सतरा असावेत." असावेत म्हणजे काय, असं तिघांनी एकदम विचारलं. पलीकडच्या डब्यातून गर्दी बाजूला सारत बायको आली.

"तू इथे काय करतोयस?"

"शंभरावा आहे मी."

तिने घड्याळात पाहिलं. मालकीणबाईंना द्यायच्या उत्तराला पावणेतीन तास उरले होते. मीही फोन हातात धरून होतो. दोन बोगदे गेले, एक पूल गेला. पुलाखालच्या रस्त्यावर मोटारी जागच्या जागी उभ्या होत्या आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून सुसाट चाललो होतो. कधी नव्हे ते मला शिट्टी मारावीशी वाटली. मग फोन थरथरला. बाईंचा एका ओळीचा निरोप: एकूण एकोणनव्वद. एक तारखेपासून थांबा.

मी तो मोठ्याने वाचला. डब्यात जो गदारोळ झाला त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण त्यात मीही होतो. लांबून रोज या गाडीने येणाऱ्यांपैकी एक आजोबा खिडकीपाशी बसले होते. तीन दिवस त्यांनी आम्हाला सोसलं होतं.

"झालं का तुमचं एकदाचं?" ते म्हणाले. "आता बसा."

बायकोने तिथेच उभं राहून फोन लावला. "हो, मीच. खोली नको आहे मला... नाही, खोली छान होती. खिडकीही आवडली होती... नाही, आता रोज घरी जाता येईल." फोन ठेवून ती जरा वेळ बाहेर बघत राहिली. खिडकी खरंच आवडली होती तिला.

"परतीची गाडी कितीला आहे?" मी विचारलं.

"तुला संथ गाडीने जावं लागेल. सव्वा तास."

"तू किती वाजता सुटतेस?"

"आज एक वाजता."

"मग थांबतो."

"शहरात? पाच तास?"

"हो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन बघावं: तारीख, मात्रा, सही. सगळं जागच्या जागी सापडलं असावं. गाडी वळण घेत होती. तिने आधारासाठी माझा दंड धरला.

"काही खाल्लंयस का सकाळपासून?" ती म्हणाली.