छपरातून आलेली चिठ्ठी

भागोजीने बांबूची सुई छपराच्या गवतात खुपसली. आत माळ्यावर बसलेल्या रावजीने सुईतली दोरी वाशाला वेढून परत वर धाडली. घर शाकारायला दोन माणसं लागतात, एक वर, एक आत. आणि दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही.

"मंग काय, मी शिंकलो," भागोजी सांगत होता, "आणि चारशे दरोडेखोर डोंगरापल्याड पळाले!"

गेल्या साली ते दोनशे होते. या पेन्शनर हवालदाराचे सरहद्दीवरचे शत्रू दर वैशाखात वाढत. वाडीतली चार घरं तो फुकट शाकारी. कुणी कारण विचारलंच, तर म्हणे, उंचावरून गोष्ट लांब जाते.

रावजी हसला. सोमवारी दापोलीत पलटणीची भरती होती. भागोजीच्या शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय भरतीचा साहेब त्याला दारात उभं करणार नव्हता.

"काका, त्या टोळीनं केलं काय होतं?"

"वरात कापली. नवरीसकट. आमच्यासारखा वागत नाय तो जगायचा नाय, म्हणणारी माणसं ती."

"मंग पलटण गेली ते बरोबरच."

"बरोबरच. गेलो नसतो तर पुढची वरातही गेली असती."

सुई आत आली. रावजीने ती धरून ठेवली.

"पण गोष्टीत पलटण त्यांच्या गावात शिरली की दर साली तुम्ही शिंकता. गावात झालं काय?"

वरची सळसळ थांबली.

"टोळीला आसरा दिला म्हणून गाव जाळायचा हुकूम होता. माझ्या वाट्याच्या घरात एक म्हातारी. जातं बाहेर ओढत होती. मी हात लावला, अंगणात नेऊन ठेवलं."

"मंग?"

"मंग छपराला काडी लावली."

"त्या घरातलं कुणी टोळीत होतं?"

"मी विचारलं नाय. सुई दे."

रावजीने सुई वर दिली. दोघे दोरी ओढत राहिले. माळ्यावरचा उजेड कवडशा-कवडशाने मिटत गेला. शेवटच्या फटीतून सुई आली, तेव्हा तिच्या नाकात कागद अडकवलेला होता. शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: 'मुलगा धडधाकट, इमानी. हुकूम मिळाला की आधी प्रश्न विचारतो. हवालदार भागोजी.'

"चिठ्ठी दिली काय रे?" अंगणातून मथुरेने लेकाला विचारलं. "काय लिहिलंय?"

रावजीने कागद पुन्हा वाचला, घडी करून टोपीत ठेवला.

"खरं लिहिलंय, आये."

"भागोजीभावजींनी?" मथुरेला हसू आवरेना. "दाखव बघू!"

वर छपरावर भागोजी मोठ्याने शिंकला.