ठमीएवढं वजन

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिने चढून दाखवणार, यावर सगळ्यांनी हसून घेतलं. नणंद तर म्हणाली, "दादा, स्वतःच्याच पोटावर पाय देतोयस की!" मी हसले नाही, रागावलेही नाही. त्या दिवसांत मला दोन्ही जमत नव्हतं.

अपंग मुलांची शाळा तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. आईबाप मुलांना उचलून वर पोचवायचे. मुलं वाढली, आईबापांच्या कमरा गेल्या, की शाळा बंद. आमच्या ठमीला रोज यांनीच चढवलं. हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि बघता बघता आटोपलं सगळं. त्यानंतर यांच्या डोक्यात शाळेच्या लिफ्टचं खूळ शिरलं.

हे ज्या उंच इमारतीच्या लिफ्ट सांभाळतात, तिथल्या ऑफिसवाल्यांनी मजल्यामागे पैसे कबूल केले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिना चढायचा, लिफ्टने खाली यायचं, पुन्हा चढायचा. खांद्यावर ठमीच्या वजनाएवढं वाळूचं पोतं. पोतं जमिनीला टेकलं की खेळ खलास. ही अट यांनीच घातली, कोणी मागितली नव्हती. नसती हौस!

"पोतं कशाला? नुसते चढा की," मी म्हणाले होते.

"नुसतं काय, कोणीही चढेल."

पोतं मीच शिवलं. हात रिकामेच होते. पोतं घेऊन हे वजनकाट्यावर उभे राहिले, थोडी वाळू काढली, पुन्हा उभे राहिले. शेवटी शेवटी तिला अन्न जात नव्हतं, त्यामुळे बरीच काढावी लागली. मी तोंड शिवून दोरा तोडला आणि स्वयंपाकाला लागले.

त्या दिवशी मी जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टाकून बसले. हे आले की पाणी द्यायचं, गेले की बाटली भरून ठेवायची. शेजारी शाळेच्या बाई सारख्या डोळे पुसत होत्या. हिचं कोण गेलंय, असं माझ्या मनात आलं. मला अजून एकदाही रडू फुटलं नव्हतं. ठमीला पोचवायला गेलो तेव्हा लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी कोणाच्या तरी उसवलेल्या बाहीकडे.

संध्याकाळ होत आली. ही फेरी वर पोचली की लिफ्टचे पैसे पुरे, असं बाई सांगत होत्या, तेवढ्यात हे वळणावर आले आणि कठड्याला धरून थांबले. पोटरीत गोळा आला होता. चेहरा पांढराफटक.

"टेकवू नका, टेकवू नका!" बाई ओरडल्या.

"घे गं," हे मला म्हणाले.

मी उठून पोतं घेतलं. घेताना माझा डावा हात आपोआप त्याच्या वरच्या टोकाखाली गेला. ठमीला शेवटपर्यंत मान सावरता आली नाही. तिला घेताना आधी मान धरायची, मग बाकीचं. मी वाळूची मान धरून उभी राहिले.

यांनी ते बघितलं.

"वाळू आहे गं ती."

"माहितेय मला," मी म्हणाले. पण हात काही काढवेना.

"चालेल हो, दुसऱ्याने नेलं तरी चालेल! टेकलं नाही ना!" बाई म्हणाल्या. मी चढायला लागले. हे पोटरी चोळत, कठडा धरत एकेक पायरी चढत मागून आले. पुढचं वळण अरुंद होतं.

"भिंतीकडे बघ," हे मागून म्हणाले. "तिचे पाय लागतील."

आता रडू येईल असं मला वाटलं. नाही आलं. मी तिरकी झाले आणि पाय कुठे घासू नयेत म्हणून सावकाश वळले.