सुनेचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्या मखमलाबादेत पुष्कळजण मानतात. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या स्वयंपाकाची चौकशी कुणी केली नाही, पण पायाची बातमी गावभर झाली. बायका येतात, ओट्यावर पालथ्या पडतात. मी पाय टेकवते, त्या हलकं वाटलं म्हणत जातात आणि मला हसू येतं.

सासरे, मोतीराम नाना, मात्र कधी पडले नाहीत. झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवताना ते पाठीवर आपटले, त्याला बरीच वर्षं झाली. ते दुखणं त्यांनी अंगावरच काढलं. मुका मार आहे, जाईल, एवढंच म्हणायचे. यंदा दिवाळीनंतर ते डाव्या पायात उतरलं. दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचे. तिथं कापतात आणि कापलेला माणूस पुन्हा मळ्यात उभा राहत नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. आणि सुनेचा पाय सासऱ्याच्या पाठीला लागणं तर त्यांना त्याहून वाईट.

म्हणून परवा सकाळी सासूबाईंनी गोणपाट अंथरलं आणि मळ्यातून आलेले नाना मुकाट्यानं त्यावर पालथे झाले, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. हा माणूस लाज सोडून माझ्या पायाखाली येतो, म्हणजे आत काय होत असेल?

सासूबाई म्हणाल्या, जुनं दुखणं आहे, जरा जोर दे. मी भिंत धरून पाय उचलला आणि खाली लक्ष गेलं. ओट्यापाशी त्यांची एकच चप्पल होती, उजवी. डाव्या अंगठ्याचं नख उलटलेलं आणि अंगणभर रक्ताचे ठिपके.

"नाना, अंगठ्याला काय लागलं?"

"कुठं? काय नाय लागलं. ठेव पाय."

मी पाय खाली घेतला. नख उलटलं, चप्पल गळून पडली, तरी त्यांना पत्ताच नव्हता. याच पाठीवर मी आता भार देणार होते. सासूबाई रागावल्या, आमच्याच वेळी तुझे नखरे, म्हणाल्या. मी सांगितलं, मी पाय लावणार नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही. नवरा, समाधान, अंबडला कंपनीत होता. फोनवर म्हणाला, संध्याकाळी येतो, मग बघू. मी फोन ठेवला आणि शेजारच्या शेखरभाऊंना गाडी काढायला लावली.

वाटेत नाना खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "सकाळपासून लघवीबी नाय झाली. तुझ्या सासूला सांगू नको."

सुनेशी असलं बोलणारा हा माणूस नव्हे. मी शेखरभाऊंना गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

दवाखान्यात एमआरआय झाला. डॉक्टर बाईंनी स्पष्टच सांगितलं. मणक्यात नसा दबल्यात, आजच ऑपरेशन करायला हवं. पाठीवर कुणी दाब द्यायचा नाही. दुखणं पायात उतरलं तेव्हाच आला असतात तर कदाचित गोळ्या-व्यायामावर भागलं असतं. आता किती परत येईल ते सांगता येत नाही. नाना ऐकेनात. पाय चालतोय माझा, उद्या बघू, हेच चाललेलं.

बाईंनी त्यांना उताणं झोपवलं आणि डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला.

"उचलला," नाना छताकडे बघत म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नानांनी मला विचारलं, "साधना, उचलला ना?"

ओट्यावरच्या प्रत्येकीला मी बरं वाटेल म्हणत आले. तेच तोंडाशी आलं होतं.

"नाही, नाना."

त्यांनी कोपरावर रेटा देऊन मान वर केली आणि स्वतःचा पाय पाहिला. नाना घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

"घ्या आत," ते बाईंना म्हणाले. "लवकर घ्या."