हेट्याला बांधलेली झोळी

“हे खायाची झाडं हायत बेटी, बांधाची नाही. हेट्याले झोळी बांधू नको. मुनग्याले बी नको.”

भुरीबाईनं हे मला दिग्रसच्या आमच्या अंगणात, डोक्यावरची सरपणाची मोळी उतरवता उतरवता सांगितलं होतं. मी हसले. माझ्या हातात तेव्हा झोळीचा दोर होता, आणि मी अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली होते. मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, लाकूड ठिसूळ असतं, हे पुस्तकात होतं. हेट्याबद्दल तसं काही वाचल्याचं आठवेना. वाचलं नाही म्हणजे तसं नसावं, असं मी धरून चालले.

भुरीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. दर चार दिवसांनी मोळी घेऊन यायची. दंडापर्यंत पांढऱ्या हस्तिदंती बांगड्या, त्या एकमेकींवर आपटत यायच्या, म्हणून ती दिसायच्या आधी ऐकू यायची. मोळी टाकली की ओट्यावर बसून चहा प्यायची आणि माझ्या संसाराची झडती घ्यायची.

१९६० च्या आषाढात, वेणू पोटात असताना, मी अंगणात खड्डा खणत होते. आमचे हे शाळेत शिक्षक. भाड्याच्या दोन खोल्या, पण अंगण ऐसपैस. माझ्याजवळ पावडरच्या डब्यात हेट्याचं बी होतं, आईच्या झाडाचं. बाहेरचे लोक त्याला हादगा म्हणतात. मी शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. घर विकलं, झाड तिथंच राहिलं. मी फक्त शेंगा तोडून आणल्या होत्या.

“काय लावून राह्यली?” भुरीबाईनं विचारलं.

“हेटा.”

“कायले? इथली माती पाणी धरते. हेट्याचे पाय वरच्यावर. चार वर्साचा पाव्हना तो. मुनगा लाव. पाला खा, फूल खा, शेंग खा. बाळंतिणीले दूध येते.”

“हेट्याचं फूल केवढं असतं, भुरीबाई. मूठभर फुलांत भाजी होते. तुमच्या मुनग्याची फुलं म्हणजे तांदूळ वेचल्यासारखं.”

“आन् तुह्या हेट्याच्या फुलातली दांडी कोन काढन? नाही काढली तं नवरा ताट सोडून उठन.”

“माझी आई काढायची.”

तिनं खड्ड्यातला एक दगड उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, “लाव मंग.” पुढच्या खेपेला मोळीवर मुनग्याची मनगटाएवढी जाड फांदी बांधून आणली. “हे घे. कोपऱ्यात उभी कर, न्हाणीचं पानी जाते तिथं. जगली तं जगली.” मी तिचं मन मोडू नये म्हणून लावली.

हेटा मात्र बघता बघता वाढला. वेणू रांगायला लागली तेव्हा तो छपराला पोचला होता, आणि ती वर्षाची होऊन पावलं टाकू लागली तेव्हा फुलला. चंद्रकोरीसारख्या पांढऱ्या कळ्या. ऊन चढायच्या आधी तोडायच्या, उमलू द्यायच्या नाहीत, पाकळ्या सोडवून मधली दांडी ओढून काढायची. पहिल्यांदा बेसन लावून केली तेव्हा भुरीबाईलाही वाटीत दिली.

ती चाखून म्हणाली, “तुह्या मायनं हे कडू खाऊन तुले इतकी गोड कशी काढली?”

माघात तिनं पदरात बांधून मुनग्याची फुलं आणली. तिच्या दारातल्या झाडाची. मी म्हटलं, एवढीशीच? तर म्हणाली, मुनग्याचं फूल तोडायचं नसतं. तोडलं की तिथली शेंग गेली. झाडाखाली जुनं लुगडं अंथरायचं आणि सकाळी जे आपल्या आपण पडलं असेल तेवढंच घ्यायचं. त्या फुलांची भाजी मऊ, वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्यांची, अळंब्यांची, आठवण यावी अशी. मला ती हेट्याहून चांगली लागली, आणि मी ते कबूल केलं नाही.

झोळीचं असं झालं. वेणू अंगानं भरत नव्हती. झोप तर पाखरासारखी. मी दिवसातून दहादा तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. घरात आढ्याला चांगली कडी होती, झोळी तिथं टांगलेली होती. पण एका दुपारी ती हेट्याखाली माझ्या मांडीवर तास दीड तास झोपली, आणि मला वाटलं, आईच्या सावलीत झोपते ही. दुसऱ्या दिवशी मी दोर आणला.

भुरीबाईनं सांगितलं ते त्याच दिवशी. मी हसले ते सांगितलंच, आणि झोळी हेट्यालाच बांधली.

आठव्या दिवशी भुरीबाई अंगणात शिरली. वारा नव्हता. मी दारात बसून फुलांतल्या दांड्या काढत होते, आणि दर दांडीला मान वर करून झोळीकडे बघत होते. तरीही. आवाज मोठा झाला नाही. काकडी मोडावी तेवढाच. झोळीची फांदी बेचक्यातून सोलत खाली आली. मी उठेपर्यंत भुरीबाईनं मोळी फेकली होती आणि झोळीखाली स्वतःला टाकलं होतं. वेणू तिच्या छातीवर पडली. भुरीबाईचा उजवा हात धुण्याच्या दगडावर आपटला.

वेणू रडली. तिला खरचटलंही नव्हतं. मी तिला उचललं, डोकं चाचपलं, बोटं मोजली. भुरीबाई उठून बसली होती, दंड धरून, हे माझ्या लक्षात नंतर आलं. ते असं नंतर लक्षात येणं मला अजून सोडत नाही.

पंधरा दिवसांनी ती आली. मोळी नव्हती. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. आणि उजव्या दंडात एकही बांगडी नव्हती.

“हात फुगला. हाड बसवनारा म्हने, काप. करवतीनं कापल्या,” ती म्हणाली. तांड्यावर दंडातल्या बांगड्या नवरा गेल्यावरच उतरतात, हे मला माहीत होतं. माझा चेहरा बघून ती हसली. “माह्या नवऱ्यानं, शंकरसिंगनं पाह्यलं आन् म्हने, मी मेलो का? काहून सांगतलं नाही मले?”

मला हसता येईना. चहा दिला. तो तिनं डाव्या हातानं घेतला. ‘म्या सांगतलं होतं,’ असं ती म्हणेल, याची मी वाट बघत होते. तिनं विचारलं, “छोरी कशी हाय?” वेणू तिच्या मांडीवर चढली आणि डाव्या हातातल्या बांगड्या खुळखुळवू लागली.

“येईन मी तांड्यावर,” मी म्हटलं. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा याडी म्हणाले. त्यांच्या बोलीत आई. तिनं नुसतं “ये” म्हटलं.

मी गेले नाही. आधी वेणूला ताप, मग ह्यांच्या शाळेच्या परीक्षा, मग ऊन. खरं म्हणजे मला शंकरसिंगच्या डोळ्यांची भीती वाटत होती. त्यानंतर ती आली नाही. मोळी दुसरीच बाई आणू लागली. ज्येष्ठात वणीला बदली झाली. निघताना मी न्हाणीजवळच्या मुनग्याची एक फांदी कापून ओल्या पोत्यात गुंडाळून घेतली. हेट्याकडे पाहिलं नाही.

वणीहून तिच्या मुलाच्या, किसनसिंगच्या नावानं दोन कार्डं टाकली. तो कापसाच्या जिनात कामाला होता, थोडं वाचायचा. उत्तर नाही. तीन वर्षं झाली.

इथला मुनगा आता फुलतो. सकाळी वेणू माझं जुनं पातळ झाडाखाली अंथरते आणि पडलेली फुलं ओंजळीत घेऊन येते. अंगानं भरली आहे ती. पावडरच्या डब्यात आईच्या हेट्याच्या सात बिया शिल्लक आहेत. दर आषाढात डबा उघडते, बिया हातावर घेते, परत ठेवते. लावू का, हे एकाच माणसाला विचारावंसं वाटतं.

माझे हे पाय अजून तिकडे वळले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कोणी दिग्रसहून पुसदच्या गाडीनं जाणार असेल, तर पहिला नाला ओलांडल्यावर डाव्या हाताला तांडा लागतो, तिथं उतरा. दारात मुनगा असलेलं घर. सकाळी गेलात तर झाडाखाली लुगडं अंथरलेलं असेल. भुरीबाईच्या दंडाकडे बघा. उजव्या दंडात बांगड्या चढल्या असतील तर हात बरा झाला. उजवा तेवढा रिकामा असेल तर नाही झाला. दोन्ही रिकामे असतील तर काही विचारू नका, नुसते तिच्याजवळ बसा. पण ती कशी आहे ते मला कळवा. आणि तिनं विचारलं, तर सांगा, छोरी बरी आहे, आढ्याच्या कडीला टांगलेल्या झोळीत झोपून मोठी झाली.